नायजेरिया : घरोघरी निराळे सरकार

२०२४ च्या नाताळापूर्वीच्या आठवड्यात नायजेरियामध्ये चार दिवसांच्या आत तीन ठिकाणी चेंगराचेंगरी झाली. इबादान शहरात १८ डिसेंबर रोजी मुलांसाठी भरविलेल्या एका मेळाव्यात ३५ मुले दगावली. २१ डिसेंबरला राजधानी अबुजामधील एका चर्चच्या आवारात आणि अनांब्रा राज्यातील ओकिजा या गावी, धान्य घेण्यासाठी जमलेल्या गर्दीत आणखी तीसहून अधिक माणसे तुडविली गेली. देशात त्या वेळी दुष्काळ पडलेला नव्हता किंवा या तीन ठिकाणी युद्धही चाललेले नव्हते. आफ्रिकेतील आघाडीच्या तेल-उत्पादक देशातील ही माणसे तांदळाच्या पिशवीसाठी पहाटेपासून रांगेत उभी होती. या शोकांतिकेतील आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या तिन्ही ठिकाणी दाता सरकार नव्हते. कोठे खासगी व्यक्ती होत्या, कोठे चर्च होते. रांगेतील माणूस सरकारकडे काही मागायला आलेला नव्हता. तशी अपेक्षा करणे त्याने केव्हाच सोडून दिले होते.

नायजेरियाविषयी बाहेरच्या जगात दोन समज प्रचलित आहेत. एक म्हणजे हा देश भ्रष्टाचाराने पोखरलेला आहे, आणि दुसरा म्हणजे तेथील माणूस कमालीचा सोशिक व आनंदी आहे. २००३ मध्ये जगातील सुखी लोकांसंबंधीच्या एका पाहणीत नायजेरियाचा क्रमांक पहिला लागल्याची बातमी जगभर झळकली होती. सोसत राहावयाचे आणि हसत राहावयाचे, या वृत्तीवर फेला कुटी या लोकप्रिय गायकाने १९७० च्या दशकातच आपल्या गाण्यातून कोरडे ओढले होते. त्या सोशिकपणाचे कौतुक करणाऱ्यांत राज्यकर्ते पुढे असावेत, यात नवल नाही. परंतु सोशिकपणा हा काही कोणत्या लोकसमूहाचा उपजत स्वभाव नसतो. तो परिस्थितीतून घडतो आणि त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. सामान्य नायजेरियन माणूस राजकारणाकडे आणि आपल्या रोजच्या जगण्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे समजून घ्यावयाचे असेल, तर या सोशिकपणाचीच उलटतपासणी करावयास हवी.

पेट्रोल आणि पोते

२९ मे २०२३ रोजी बोला टिनुबू यांनी अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतली आणि शपथविधीनंतरच्या भाषणातच पेट्रोलवरील अनुदान संपल्याचे जाहीर करून टाकले. तोवर लिटरला सुमारे १९० नायरा असलेला दर काही आठवड्यांतच सहाशेच्या वर गेला आणि २०२४ च्या अखेरीस त्याने एक हजाराचा आकडा ओलांडला. याच सुमारास चलनाचा दर बाजारावर सोपविण्यात आला. एका डॉलरला सुमारे ४७० नायरा पडत, ते २०२४ मध्ये दीड हजारांच्या घरात गेले. अन्नधान्याच्या भाववाढीचा वार्षिक वेग त्या वर्षी चाळीस टक्क्यांवर पोहोचला. जुलै २०२४ मध्ये किमान वेतन ३० हजारांवरून ७० हजार नायरांवर नेण्यात आले. पण पन्नास किलो तांदळाचे पोते तेव्हा अनेक बाजारांत या संपूर्ण पगाराहून महाग होते. महिनाभर खर्डेघाशी करावी किंवा वर्गात शिकवावे, आणि पगाराच्या दिवशी तांदळाचे एक पोतेही घरी आणता येऊ नये, ही अवस्था कोणत्याही देशातील कारकुनास वा शिक्षकास वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. २०२५ मध्ये निर्देशांकाचे आधारवर्ष बदलण्यात आले आणि महागाईचा आकडा खाली आला. पुढेही तो उतरत गेला. परंतु भाववाढीचा वेग मंदावणे आणि भाव पूर्वपदावर येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गृहिणीला त्यांतला फरक अर्थमंत्र्यांहून अधिक चांगला कळतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता अनुदान रद्द करण्यामागील तर्क चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. तेलाच्या उत्पन्नातील मोठा हिस्सा या अनुदानात जिरत होता. स्वस्त पेट्रोल शेजारच्या देशांत चोरून नेले जात होते. पेट्रोलचा अधिक लाभ मोटारी बाळगणाऱ्या सधनांना मिळत होता. न आणलेल्या पेट्रोलच्या नावाने पैसे उचलणारे व्यापारी आणि त्यांना पाठीशी घालणारे अधिकारी यांच्या कहाण्या तर जुन्याच आहेत. खनिज तेल निर्यात करणारा हा देश पेट्रोल मात्र परदेशातून आणीत होता. कारण पोर्ट हारकोर्ट, वारी आणि कडुना येथील सरकारी शुद्धीकरण कारखाने वर्षानुवर्षे जवळजवळ बंद पडलेले होते. लागोसजवळील डांगोटे उद्योगसमूहाच्या प्रचंड खासगी कारखान्यातून पेट्रोल बाहेर पडू लागले, ते सप्टेंबर २०२४ मध्ये. असे अनुदान कधी तरी बंद व्हावयासच हवे होते.

मग सामान्य माणसाला हा तर्क का पटला नाही? याचे उत्तर त्याच्या अनुभवात आहे. जानेवारी २०१२ मध्येही अनुदान काढण्याचा प्रयत्न झाला. एका रात्रीत ६५ नायरांचे पेट्रोल १४१ नायरांवर गेले, देशभर हरताळ पडला आणि सरकारला दर ९७ पर्यंत खाली आणावा लागला. त्या वेळीही वाचलेल्या पैशांतून रस्ते आणि दवाखाने उभारण्याचे आश्वासन दिले गेले होते. २०२३ मध्ये तेच आश्वासन पुन्हा देण्यात आले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खासदारांसाठी महागड्या परदेशी मोटारी घेतल्या गेल्या, अध्यक्षांसाठी विहारनौकेची तरतूद पुरवणी अंदाजपत्रकात दिसली. टीका झाल्यावर ती रक्कम विद्यार्थ्यांच्या कर्जयोजनेकडे वळविण्यात आली, ही गोष्ट वेगळी. पुढील ऑगस्टमध्ये अध्यक्षांच्या दिमतीला नवे विमान दाखल झाले. पोट आवळण्याचा उपदेश करणाऱ्याने स्वतःचा पट्टा सैल सोडलेला असला, म्हणजे उपदेशातील अर्थशास्त्र बरोबर असूनही उपयोगाचे नसते. शिवाय नायजेरियन माणसाच्या हिशेबी स्वस्त पेट्रोल ही सवलत नव्हती. देशाच्या तेलसंपत्तीतील तो त्याचा वाटा होता, आणि सरकारकडून त्याच्या हाती खात्रीने पडणारा असा तो बहुधा एकमेव वाटा होता.

शेजाऱ्यापेक्षा मी बरा

ही गोष्ट नीट कळण्यासाठी तेथील घरसंसाराकडे पाहावे लागते. बावीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशाच्या वीजजाळ्यातून सामान्यतः चार ते पाच हजार मेगावॉट वीज मिळते. महाराष्ट्राची एकट्याची कमाल मागणी याच्या काही पट आहे. नॅशनल इलेक्ट्रिक पॉवर अथॉरिटी या जुन्या वीजमंडळाच्या आद्याक्षरांचा अर्थ ‘विजेची अपेक्षा कधीच ठेवू नका’ असा लोकांनी लावला होता. मंडळाचे नाव बदलले, २०१३ मध्ये वितरणाचे खासगीकरण झाले, तरी वीज आली की गल्लीतली पोरे आजही ‘अप नेपा’ असा जुन्याच नावाचा जयघोष करतात. वीज येणे हा हक्क नसून उत्सव आहे, हे एवढ्याशा आरोळीत सामावले आहे. साहजिकच ज्याला परवडेल तो जनरेटर आणतो. गरिबाला परवडणारा जो छोटा जनरेटर तेथे घरोघरी गेला, त्याला लोकांनी नाव दिले ते ‘शेजाऱ्यापेक्षा मी बरा’ या अर्थाचे.

विजेची जी कथा तीच पाण्याची आणि सुरक्षिततेची. नळाला पाणी नाही म्हणून अंगणात कूपनलिका खोदावयाची, ती शक्य नसेल तर टाकीवाल्याकडून पाणी विकत घ्यावयाचे. पोलीस येतील याचा भरवसा नाही म्हणून वर्गणी काढून रात्रीचा पहारेकरी ठेवावयाचा आणि गल्लीच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवावयाचे. वायव्येकडील काही राज्यांत तर सशस्त्र टोळ्यांना ‘कर’ भरल्याखेरीज शेतात पाऊल टाकता येत नाही, अशी गावे आहेत. प्रत्येक घर म्हणजे एक स्वतंत्र नगरपालिका आहे, असे नायजेरियन लोक स्वतःच विनोदाने म्हणतात.

रस्त्यावरही तेच. शहरांतील सार्वजनिक वाहतुकीची उणीव भरून काढली ती दुचाकी आणि तीनचाकी वाहनांनी. त्यांपैकी असंख्य वाहने बजाजची, म्हणजे महाराष्ट्रातील उद्योगाशी नाते सांगणारी आहेत. नायजेरिया ही या वाहनांची परदेशातील एक फार मोठी बाजारपेठ आहे. भाड्याने माणसे नेणाऱ्या दुचाकीला तेथे ‘ओकाडा’ म्हणतात. हे नाव मुळात एका विमान कंपनीचे. ती कंपनी बंद पडली, नाव मात्र दुचाकीला चिकटून राहिले. रिक्षाला ‘केके नापेप’ म्हणतात. नापेप म्हणजे २००१ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय दारिद्र्यनिर्मूलन कार्यक्रम. त्यात बेकारांना रिक्षा देण्यात आल्या होत्या. तो कार्यक्रम पुढे गुंडाळला गेला. सरकारी आकडेवारीनुसारच २०२२ मध्ये १३ कोटी ३० लाख लोक, म्हणजे लोकसंख्येच्या ६३ टक्के, बहुआयामी दारिद्र्यात होते. दारिद्र्यनिर्मूलनाचे नाव उरले ते रिक्षाच्या पाठीवर.

शिक्षणाच्या क्षेत्रातील चित्र आपल्याकडील शिक्षकांना विशेष जाणवेल. १९७६ मध्ये नायजेरियाने सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना हाती घेतली. तेलाच्या पैशावर शाळा वाढत होत्या आणि शिक्षक कमी पडत होते. त्या काळात भारतातूनही अनेक शिक्षक तेथील शाळांत शिकवावयास गेले. त्याच देशात २०२२ मध्ये सरकारी विद्यापीठांतील प्राध्यापकांचा संप १४ फेब्रुवारीला सुरू झाला, तो आठ महिने चालला. चार वर्षांची पदवी किती वर्षांत मिळेल हे विद्यार्थ्याला सांगता येत नाही. राज्यकर्त्यांना त्याची झळ पोहोचत नाही, कारण त्यांची मुले परदेशात शिकतात. ते स्वतः औषधोपचारासाठीही परदेशात जातात. माजी अध्यक्ष मुहम्मदू बुहारी यांनी २०१७ मध्ये कित्येक महिने लंडनमध्ये उपचार घेतले आणि जुलै २०२५ मध्ये त्यांचा अंतही लंडनमध्येच झाला. त्यांच्याच कारकीर्दीत अध्यक्षीय निवासाच्या दवाखान्यात साधी सिरिंजही मिळत नाही, अशी जाहीर तक्रार खुद्द त्यांच्या पत्नीने केली होती.

अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक छोटे पण महत्त्वाचे पुस्तक लिहिले. कोणत्याही संस्थेची घसरण सुरू झाली की तिच्याशी संबंधित माणसांपुढे दोन मार्ग असतात : सोडून जाणे किंवा आवाज उठविणे, असा त्याचा सिद्धांत. हा विचार त्याला सुचला तो नायजेरियातील रेल्वेच्या अवस्थेवरून. रेल्वेचा कारभार बिघडलेला होता. मालट्रकांची स्पर्धा आली म्हणजे रेल्वे सुधारेल, अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. ज्या व्यापाऱ्यांनी गैरकारभाराविरुद्ध ओरड केली असती, ते निमूटपणे ट्रककडे वळले. ओरडणारा कोणी उरला नाही आणि रेल्वे आणखी ढासळली. गेल्या अर्धशतकात संपूर्ण नायजेरियाची जणू हीच कथा झाली आहे. ज्यांच्या आवाजाला वजन आहे, ते जनरेटरकडे, खासगी शाळेकडे, परदेशी इस्पितळाकडे निघून गेले. मागे उरलेले लोक आपापल्या ऐपतीप्रमाणे त्यांचेच अनुकरण करीत आहेत. ‘शेजाऱ्यापेक्षा मी बरा’ हे केवळ एका यंत्राचे नाव राहिलेले नाही. ती एक राजनीती झाली आहे.

आणि येथेच पेट्रोलचे मर्म आहे. जनरेटर पेट्रोलवर चालतो. रिक्षा आणि दुचाकी पेट्रोलवर चालतात. पाणी उपसणारा पंपही पुष्कळदा त्याच जनरेटरवर चालतो. सरकारने जे जे सोडून दिले ते ते नागरिकाने स्वतःच्या अंगावर घेतले, आणि ते निभावून नेण्याचे साधन होते स्वस्त पेट्रोल. ते महाग करणे म्हणजे नागरिकाने स्वकष्टाने उभारलेल्या घरच्या सरकारावरच कर बसविणे होय. विजेवाचून, पाण्यावाचून गप्प राहिलेला माणूस पेट्रोलच्या दरावरून रस्त्यावर का उतरतो, याचा उलगडा यातून होतो. पेट्रोलला पर्याय नाही. तेथून ‘सोडून जाणे’ शक्य नाही. म्हणून तेथे आवाज उठतो.

दोन समाज, दोन नीती

सरकार नागरिकाला काही देत नाही, ही गोष्टीची एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी की सरकारने दीर्घकाळ नागरिकाकडे फारसे मागितलेही नाही. १९५६ मध्ये ओलोइबिरी येथे तेल सापडले, १९५८ पासून निर्यात सुरू झाली आणि १९७० च्या दशकातील दरवाढीनंतर तिजोरी तेलाच्या पैशानेच भरू लागली. कराचे उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने अगदी तुटपुंजे राहिले. जो कर भरतो तो हिशेब मागतो. जेथे पैसा जमिनीतून वर येतो, तेथे हिशेब विचारणारा कोण? ज्या नायजर त्रिभुज प्रदेशातून हे तेल निघाले, तेथील ओगोनी जनतेच्या वतीने हिशेब विचारणारे लेखक केन सारो-विवा यांना सानी अबाचा यांच्या लष्करी राजवटीने १० नोव्हेंबर १९९५ रोजी फासावर चढविले.

जमिनीतून आलेला हा पैसा म्हणजे ‘राष्ट्रीय केक’, असा शब्दप्रयोग तेथे सर्रास होतो. केक कोणी भाजला हा प्रश्न नसून तो कोण कापणार हा प्रश्न असतो. पीटर एके या नायजेरियन राज्यशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये याचे मूलगामी विवेचन केले होते. वसाहतवादाने आफ्रिकी माणसाला दोन सार्वजनिक जीवनांत वावरावयास लावले, असे तो म्हणतो. एक जीवन आपल्या गावाचे, जमातीचे. तेथे नीती आहे, कर्तव्य आहे. तेथील वर्गणी बुडविणारा नजरेतून उतरतो. दुसरे जीवन सरकारी. ते परक्यांनी आणलेले. त्याच्याशी नीतीचा संबंध नाही, तेथून मिळेल तेवढे घ्यावयाचे. सरकारी पैसा खाणारा माणूस गावात देऊळ, शाळा किंवा चर्च बांधून देत असेल, तर गावाच्या लेखी तो चोर ठरत नाही. कुंपण शेत खाते हे सर्वांना दिसत असते, पण कुंपण आपल्या गावचे असले की तक्रार उरत नाही.

म्हणून सामान्य नायजेरियन माणसाला भ्रष्टाचाराची चीड नाही असे म्हणणे जितके खोटे, तितकेच तो त्यातून सर्वस्वी अलिप्त आहे असे म्हणणेही खोटे ठरेल. एकिटी राज्यातील जून २०१४ च्या निवडणुकीचे उदाहरण बोलके आहे. कायोडे फायेमी हे विद्वान राज्यपाल रस्ते आणि सुधारणा यांच्या बळावर पुन्हा उभे होते. प्रतिस्पर्धी आयोडेले फायोसे यांचा भर लोकांत मिसळण्यावर आणि तांदूळ वाटण्यावर होता. राज्यातील सोळाही स्थानिक विभागांत फायेमी हरले. रस्त्यांप्रमाणे पोटाच्याही ‘पायाभूत सुविधा’ असतात, हा वाक्प्रचार त्या निवडणुकीने देशभर रूढ केला. ‘मत द्या आणि कालवण शिजवा’ अशी योरुबा भाषेत म्हणच पडली आहे. शहरी सुशिक्षित या मतदाराला नावे ठेवतात. पण त्या मतदाराचा हिशेब वेडगळ नाही. रस्त्याचे आश्वासन पाच वर्षांनी खोटे ठरणार हे तो अनुभवाने जाणतो. तांदूळ मात्र आज संध्याकाळी शिजणार असतो. उद्यावरचा विश्वास नष्ट झाला की माणूस आजची किंमत वसूल करतो.

मतपेटीकडे पाठ

१९९९ मध्ये लष्करी राजवट संपून ओलुसेगुन ओबासान्जो निवडून आले, तेव्हा लोकांच्या आनंदाला पारावार नव्हता. १२ जून १९९३ च्या निवडणुकीत मोशूद अबिओला यांना मिळालेला कौल लष्कराने रद्द केला होता, ते स्वतः १९९८ मध्ये स्थानबद्धतेत मरण पावले होते. त्या पार्श्वभूमीवर मतदानाच्या हक्काचे मोल लोकांना ठाऊक होते. आफ्रोबॅरोमीटर या संशोधनसंस्थेने २००० मध्ये केलेल्या पाहणीत ८४ टक्के लोकांनी लोकशाहीच्या कारभाराविषयी समाधान व्यक्त केले. पाच वर्षांत हे प्रमाण जेमतेम चौथ्या हिश्श्यावर आले. २०२२ च्या पाहणीत दर दहांपैकी जवळजवळ नऊ जणांना देश चुकीच्या दिशेने चालला आहे असे वाटत होते, आणि निवडणूक आयोगावर विश्वास दाखविणारे चौथ्या हिश्श्याहून कमी होते.

मतदानाचे आकडे याला दुजोरा देतात. २०११ मध्ये सुमारे ५४ टक्के, २०१५ मध्ये ४४, २०१९ मध्ये ३५ आणि २०२३ मध्ये अवघे २७ टक्के मतदान झाले. पूर्वीच्या आकड्यांत खोट्या मतांची भर पुष्कळ असे आणि ओळख पटविणाऱ्या यंत्रांमुळे ती कमी झाली, हे लक्षात घेतले तरी घसरण लपत नाही. २०२३ च्या निवडणुकीच्या ऐन तोंडावर जुन्या नोटा रद्द करून नव्या आणण्याचा घाट घातला गेला आणि नव्या नोटा पुरेशा छापल्याच गेल्या नाहीत. नोव्हेंबर २०१६ मधील रांगा ज्यांना आठवतात, त्यांना तेथील हालांची कल्पना येईल. पीटर ओबी यांच्यामागे मोठ्या उमेदीने जमलेल्या तरुणांनी निकाल मतदान केंद्रावरून थेट संकेतस्थळावर झळकेल या आयोगाच्या शब्दावर भरवसा ठेवला. अध्यक्षपदाच्या निकालाच्या वेळी नेमकी तीच यंत्रणा कोलमडली. टिनुबू यांना सुमारे ८८ लाख मते मिळाली. नोंदलेल्या ९ कोटी ३४ लाख मतदारांच्या तुलनेत हे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी भरते. ज्या अध्यक्षाला शंभरांपैकी दहांनीही मत दिलेले नाही, त्याने पहिल्याच दिवशी शंभरांच्या ताटाला हात घातला.

तरीही याच २०२२ च्या पाहणीत सुमारे सत्तर टक्के लोकांनी लोकशाहीलाच पसंती दिली होती, हे विसरता कामा नये. चालकावर राग आहे. गाडी मोडीत काढावी असे मात्र बहुसंख्यांना वाटत नाही. नायजेरियन माणसाच्या मनातील हा भेद फार मोलाचा आहे.

मौन म्हणजे संमती नव्हे

ऑक्टोबर २०२० मध्ये या मौनाला पहिला मोठा तडा गेला. दरोडेखोरांच्या बंदोबस्तासाठी १९९२ मध्ये स्थापन झालेले ‘सार्स’ हे पोलिसांचे पथक खंडणी आणि छळ यांसाठी कुप्रसिद्ध झाले होते. हातात चांगला फोन दिसला की तरुणाला फसवणुकीच्या संशयावरून पकडावयाचे, ही त्याची रीत. जनरेटर विकत आणता येतो. पोलिसांना पर्याय कोठून आणणार? येथे लोकांची मागणी ‘भीक नको पण कुत्रा आवर’ एवढीच होती. तरुणांनी देशभर निदर्शने केली. विशेष म्हणजे त्यांनी स्वतःच वर्गणी जमविली, जेवणाची, वकिलांची, रुग्णवाहिकांची सोय केली आणि निदर्शनांनंतर रस्तेही झाडले. घरापुरते सरकार चालविण्यात मुरलेल्या समाजाने ते कसब प्रथमच सर्वांसाठी वापरले. २० ऑक्टोबरच्या रात्री लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर सैनिकांनी गोळीबार केला. राज्य सरकारनेच नेमलेल्या चौकशी समितीने पुढील वर्षी सैनिकांवर ठपका ठेवला, तर सरकारने तिचे महत्त्वाचे निष्कर्ष नाकारले.

ऑगस्ट २०२४ मध्ये गैरकारभाराविरुद्ध पुन्हा निदर्शने झाली, आणि या वेळी जोर उत्तरेकडील गरीब मुलांचा होता. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या माहितीनुसार किमान चोवीस जण मारले गेले. १ नोव्हेंबरला अबुजाच्या न्यायालयात ७६ आरोपींना उभे करण्यात आले. त्यांत सुमारे तीस अल्पवयीन मुले होती आणि आरोप देशद्रोहाचा होता. त्यांपैकी चौघे अशक्तपणामुळे न्यायालयातच कोसळले. गदारोळ झाल्यावर अध्यक्षांच्या आदेशाने त्यांची सुटका झाली. राज्य उलथविण्याचा आरोप असलेल्या मुलाला उभे राहण्याइतकेही त्राण नव्हते, याहून त्या राज्याच्या अवस्थेवर दुसरे भाष्य कोणते करावयाचे?

याच निदर्शनांत कडुना आणि कानो येथे काही मुलांनी रशियाचे झेंडे फडकविले होते. शेजारच्या नायजर देशात जुलै २०२३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, त्याआधी माली आणि बुर्किना फासो त्याच वाटेने गेले. अबाचांची राजवट भोगलेल्या पिढीला लष्कराचे आकर्षण वाटत नाही. परंतु निम्म्याहून अधिक नायजेरियन १९९९ नंतर जन्मलेले आहेत. त्यांनी बंदिवास पाहिलेला नाही, पाहिली आहे ती केवळ लोकशाहीच्या नावाने चाललेली परवड. आजोबांच्या आठवणींवर नातवाची लोकशाहीनिष्ठा किती काळ तगेल?

ज्यांना शक्य आहे, त्यांनी शेवटचा मार्ग धरला आहे. योरुबा भाषेतील ‘जापा’, म्हणजे पळ काढणे, हा शब्द आता साऱ्या देशाचा झाला आहे. डॉक्टर, परिचारिका, प्राध्यापक ब्रिटन आणि कॅनडाकडे जात आहेत. १९८० च्या दशकातही अशीच लाट आली होती. तेव्हा देश सोडून निघालेल्या ‘अँड्र्यू’ नावाच्या तरुणाला थांबविणारी सरकारी जाहिरात दूरचित्रवाणीवर दाखवीत. अँड्र्यू गेलाच. हिर्शमनच्या भाषेत बोलावयाचे तर, ज्यांचा आवाज सर्वांत मोठा झाला असता तेच आज विमानतळाच्या रांगेत सर्वांत पुढे आहेत.

चिनुआ अचेबे यांनी १९८३ मध्ये आपल्या देशाच्या दुखण्याचे निदान करताना बोट नेतृत्वाकडे दाखविले होते. ते निदान आजही खोटे ठरलेले नाही. पण वाईट नेतृत्व इतकी वर्षे टिकते कसे, याचे उत्तर नेत्यांच्या चारित्र्यात सापडणार नाही. प्रत्येक घराने आपापला दिवा लावला, आपापले पाणी उपसले, आपापले दार कडेकोट केले, आणि त्यामुळे अंधाराचा जाब एकत्र येऊन विचारण्याचे कारणच उरले नाही. हा दोष त्या घरांचा नव्हे; त्यांना दुसरा उपाय नव्हता. पण त्यांच्या धडपडीचा लाभ राज्यकर्त्यांनी पुरेपूर उठविला. आता मात्र या व्यवहाराच्या अटी बदलत आहेत. स्वस्त पेट्रोल गेले आहे. तेलाचा पैसा पुरेनासा झाल्यामुळे जून २०२५ मध्ये करसुधारणेचे चार कायदे मंजूर झाले आणि १ जानेवारी २०२६ हा त्यांच्या अंमलाचा दिवस ठरला. जे सरकार कर मागते, त्याला कधी ना कधी हिशेब द्यावा लागतो. २०२७ च्या निवडणुकीत हा हिशेब मागितला जाईल की मतदार पुन्हा घरीच बसेल, यावर बरेच काही अवलंबून आहे. नायजेरियन माणूस सोशिक आहे, असे म्हणून त्याला गौरविणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की त्याने जे सोसले ते त्याच्या राज्यकर्त्यांवरचे कर्ज आहे. रांगेत मेलेल्या मुलांच्या आईबापांनी ते माफ केल्याचे कोठेही नमूद नाही.